एका ओढीत सुटणारी गाठ

मे महिन्यात वर्धा जिल्ह्याचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो. सोयाबीनचं कुटार, तुराट्या आणि पऱ्हाट्यांचे ढीग कोठ्याला लागूनच रचलेले असतात, कुडही बहुधा पऱ्हाट्यांचाच असतो. अशा कोठ्यात ठिणगी पडली की माणसाच्या हाती फार थोडा वेळ उरतो. त्या वेळात चार ढोरं सोडायची असतात. ढोरं आगीपासून दूर जायला जिवाच्या आकांतानं रेटा देत असतात, दाव्याला कमालीचा ताण बसलेला असतो आणि साधी गाठ त्या ताणाखाली आवळून दगड झालेली असते. बोटांनी ती उलगडत नाही. विळा शोधायला जावं तर धूर वाट अडवतो.

जी गाठ रात्रभर बैलाला धरून ठेवेल आणि दोर ताणलेला असतानाही शेपटाच्या एका ओढीत सुटेल, ती कशी घालायची, कुठे घालायची, कुठे मुळीच घालायची नाही, आणि आपल्या गावांतून ती मागे का पडत चालली आहे, हे एकदा नीट तपासून पाहण्यासारखं आहे. विषय लहान वाटतो, पण त्यात जनावराचा जीव आहे आणि ते सोडवायला आत धावणाऱ्या माणसाचाही.

गाठ अपरिचित नाही. परकराची किंवा पायजम्याची नाडी आपण रोज सुरगाठीनं बांधतो आणि टोक ओढून सोडतो. नाडीचं टोक चुकून पूर्ण ओवलं गेलं की निरगाठ बसते आणि मग दातांशिवाय इलाज राहत नाही. दाव्याच्या बाबतीतही फरक नेमका एवढाच आहे. टोक आरपार ओवलं तर निरगाठ, टोकाची दुमड ओवली तर सुरगाठ.

खुंट्याला ती अशी घालतात. दाव्याचं मोकळं टोक खुंट्यामागून फिरवून पुढे आणायचं आणि एक पूर्ण वेढा बसू द्यायचा. मग ते टोक जनावराकडे जाणाऱ्या दोरावरून पलीकडे न्यायचं आणि त्याच्या खालून परत अलीकडे घ्यायचं. खुंटा आणि टोक यांच्यामध्ये एक फट तयार होते. त्या फटीतून टोक ओवायचं नाही. टोकापासून हातभर अलीकडे दोर दुमडायचा, ती दुमड फटीतून बाहेर काढायची आणि गाठ खुंट्याशी सरकवून दाबून बसवायची. बाहेर एक फासळा दिसतो आणि खाली शेपूट लोंबतं. जनावर ओढेल तेव्हा गाठ आवळते, माणूस शेपूट ओढेल तेव्हा दुमड निघून येते आणि पाठोपाठ सगळी गाठ विरते. लिहायला आठ वाक्यं लागली तरी सवयीच्या हाताला हे काम एका श्वासाचं आहे, आणि सवय अंधारात, पाठमोरं उभं राहून, डाव्या हातानंही जमेल इतकी हवी. गरज पडते ती रात्रीच.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. सुरगाठीची जागा खुंट्याकडे आहे, गळ्याकडे नाही. गळ्याभोवती सरकणारी कुठलीही गाठ म्हणजे फास. जनावर जितकं ओढेल तितका तो आवळत जातो आणि घाबरलेलं जनावर ओढायचं थांबत नाही. बकरी आणि वासरं अशाच फासानं दगावतात. दावं पायात अडकतं, वासरू पडतं, सकाळी धनी कोठ्यात येतो तोवर सगळं संपलेलं असतं. म्हणून गळ्याचं कडं असं हवं की त्याचा घेर कमी होणार नाही. जगभरचे खलाशी, गिर्यारोहक आणि पशुवैद्य त्यासाठी बोलाइन नावाची गाठ वापरतात. ती न सरकणारा फेरा बनवते आणि कितीही ताण आला तरी नंतर सैल करता येते.

आपल्याकडे याहून सोपी सोय होती आणि तिचं मला फार कौतुक वाटतं. जुन्या वळणाच्या दाव्याला एका टोकाला डोळा आणि ठरावीक अंतरावर दोराचीच गुंडी वळलेली असे. त्याला बिरडं म्हणतात. गळ्याभोवती दोर घेऊन गुंडी डोळ्यातून ओवली की कडं तयार. ते ना आवळतं ना पसरतं, आणि दाव्याला सैल पडू दिलं की गुंडी डोळ्यातून क्षणात मागे निघते. गळ्याकडे बिरडं आणि खुंट्याकडे सुरगाठ अशी ही जोडी होती. दोन टोकांची दोन वेगळी कामं ओळखून केलेली ही रचना आहे. तिच्या जागी आज दोन्हीकडे एकच निरगाठ दिसते, तेव्हा नुसती जुनी रीत गेलेली नसते, जनावराच्या सुटकेची एक वाट बंद झालेली असते.

वेसणीबद्दल थोडक्यात. वेसण हाकण्यासाठी आहे, बांधण्यासाठी नाही. वेसणीचा कासरा थेट झाडाला बांधून बैल एकटा सोडला आणि त्यानं हिसका दिला तर नाकपुडी फाटते. बाजारात, शिवारात, थोड्या वेळासाठीही बैल बांधायचा तर मोरकीचा किंवा दाव्याचा दोर वेगळा असावा.

सुरगाठीवरचा जुना आक्षेप असा की ती आपोआप सुटते. हा आक्षेप अर्धा खरा आहे. वेढा न घेता नुसतीच दुमड खोचली तर सगळा हिसका थेट गाठीवर येतो आणि गाठ एक तर घसरते किंवा इतकी आवळते की शेपूट ओढूनही हलत नाही. खरं काम वेढा करतो. दोर खांबाभोवती फिरतो तेव्हा घर्षण नुसतं वाढत नाही, ते पटीपटीनं वाढतं. ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावानं ओळखलं जाणारं सूत्र हे गणित मांडतं. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यानंतर ताण सुमारे साडेसहापट कमी होतो आणि दोन वेढ्यांनंतर सुमारे त्रेचाळीसपट. बैलानं १०० किलोचा हिसका दिला तर एक वेढा ओलांडून गाठीपर्यंत साधारण १५ किलो पोचतात, दोन वेढे ओलांडून अडीच किलोसुद्धा नाहीत. म्हणजे बैलाला धरून ठेवतो तो खुंटा आणि वेढा. गाठ फक्त वेढ्याला उलगडू देत नाही. आणि म्हणूनच ती शेपटाच्या ओढीनं सुटू शकते. शेपूट मोकळं झालं की वेढ्याला मागून धरणारं काही राहत नाही आणि जनावर स्वतःच्याच रेट्यानं दोर खुंट्यावरून ओढून घेतं. शेळीला, वासराला एक वेढा पुरे. मोठ्या गोऱ्ह्याला आणि बैलाला दोन घ्यावेत, असं माझं मत आहे.

गाठी का धरतात आणि का सुटतात, याचा शास्त्रीय अभ्यास तसा अलीकडचा आहे. २०१७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या अभियंत्यांनी बुटाची नाडी चालताना का सुटते याचा शोध घेतला. पाय जमिनीवर आदळण्याचे धक्के गाठ सैल करतात आणि मोकळ्या टोकांचे हेलकावे तिला बाहेर ओढतात; दोन्ही एकत्र आले की गाठ काही सेकंदांत उकलते, असं त्यांना आढळलं. हे कोठ्यालाही लागू आहे. रात्रभर मान झटकणारं जनावर गाठीला तसेच धक्के देत असतं, म्हणून लोंबतं शेपूट भलतं लांब ठेवू नये. याच अभ्यासात आडवी बसणारी गाठ आणि तिरकी बसणारी गाठ यांतला फरकही मोजला गेला. दिसायला जुळ्या असलेल्या या गाठींपैकी तिरकी लवकर सुटते. २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या गटाचा लेख आला, त्याचे पहिले लेखक विशाल पाटील. ताण पडला की रंग बदलणाऱ्या तंतूंच्या गाठी मारून त्यांनी दाखवलं की दोराचे पदर एकमेकांवरून किती वेळा जातात, कुठल्या दिशेनं पिळले जातात आणि एकमेकांवर उलट्या दिशेनं कसे घासतात, यावर गाठीची ताकद आधी सांगता येते. गाठीला आता गणित आहे, आणि त्या गणितावर एक मराठी आडनाव आहे, याचा मला आनंद होतो.

पण गणितातला घर्षणांक दोरावर ठरतो, आणि वर्ध्यात दोरच बदलला आहे.

पूर्वी दोर सणाचा, अंबाडीचा असे. पळसाच्या मुळ्यांचा वाखही दोराला चालत असे. अंबाडी पाण्यात कुजवायची, वाख सोलायचा, ढेऱ्यावर सूत पिळायचं आणि मग तिपेडी दोर वळायचा. गावगाड्यात हे काम मातंग समाजाकडे होतं. नाडा, सोंदूर, कासरा, दावं, चऱ्हाट अशा प्रत्येक कामाला वेगळी जाडी आणि वेगळा पीळ लागे, आणि ते ज्ञान हातात असणाऱ्या माणसांना गावानं सुगीला धान्य दिलं पण मान दिला नाही. त्या दोराचा खरखरीतपणा सुरगाठीला फार मानवत असे. दोष एकच, भिजला की तो फुगतो आणि गाठ आवळते. पावसाळ्यात शेणामुतात लोळलेल्या दाव्याची निरगाठ सोडणं किती कठीण असतं हे ज्यानं केलं आहे त्यालाच ठाऊक. सुरगाठ मात्र तेव्हाही निघते, फक्त जोर जास्त लागतो.

आता बाजारात रंगीत प्लॅस्टिकचा आणि नायलॉनचा दोर मिळतो. तो स्वस्त आहे, कुजत नाही, उंदीर कमी कुरतडतात. पण नवा असताना तो इतका गुळगुळीत असतो की एका वेढ्यावरची सुरगाठ घसरते. लोकांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे निरगाठीवर निरगाठ. पातळ नायलॉन ताणाखाली गाठीत रुततो आणि ती कायमची होते. शिवाय हा दोर आगीत वितळतो आणि वितळलेला गोळा जनावराच्या कातडीला चिकटतो. ज्याला प्लॅस्टिकचाच दोर परवडतो त्यानं निदान अंगठ्याएवढा जाड घ्यावा, वेढे दोन घ्यावेत आणि पहिली सुरगाठ बसल्यावर तशीच दुसरी तिच्यावर घालावी. दोन ओढींत सुटणारी गाठ निरगाठीपेक्षा शंभरदा बरी.

साखळीबद्दल मला अधिक कडक बोलायचं आहे. तयार साखळी आणि तिची आकडी दिसायला सोयीची असते. पण आकडी कडीतून काढायची तर आधी साखळी सैल पडावी लागते, आणि संकटात ती कधीच सैल नसते. माणसानं घाबरलेल्या बैलाला पुढे ढकलून सैल द्यायची आणि मग आकडी काढायची, हे एकट्याच्या आवाक्यातलं नाही. साखळी कापताही येत नाही, आणि आगीत ती हात भाजेल इतकी तापते. साखळी वापरायचीच असेल तर ती फक्त गळ्याकडच्या भागाला ठेवावी, मध्ये भोवरकडी घ्यावी म्हणजे पीळ बसणार नाही, आणि खुंट्याकडचा शेवटचा दोन हात भाग दोराचाच असावा. एवढ्या एका बदलानं सुरगाठ परत वापरता येते.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. काही जनावरं शेपूट ओढायला शिकतात. शेळ्या लोंबता दोर चघळतात, एखादा हुशार गोऱ्हा तोंडानं ओढून मोकळा होतो आणि शेजाऱ्याच्या हरभऱ्यात सापडतो. मग भांडण माणसांचं होतं. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे शेपूट जनावराच्या तोंडापासून दूर, खुंट्याच्या पलीकडच्या बाजूला ठेवणं. दुसरा म्हणजे शेपटाचं टोक फासळ्यातून एकदा ओवून ठेवणं, म्हणजे नुसत्या ओढण्यानं गाठ निघत नाही. आधी टोक बाहेर काढायचं, मग ओढायचं. घोडे पाळणारे लोक जगात सगळीकडे हेच करतात. फासळ्यात काडी अडकवण्याची रीतही आहे, पण काडी अंधारात सापडत नाही.

बाहेरच्या जगातल्या गाठींपैकी एकीचा उल्लेख इथे करावा लागतो. इंग्रजीत तिला दरोडेखोराची गाठ म्हणतात. लुटून पळणारा स्वार घोड्यावर बसल्याबसल्या टोक ओढून निघून जाई, अशी तिची कथा आहे, आणि कथेला पुरावा नाही. तिच्यात तीन दुमडी एकमेकींत अडकवतात. दोराचं टोक खांबाभोवती फिरलेलंच नसतं, त्यामुळे गाठ सुटली की सगळा दोर एकदम हातात येतो आणि कुठे अडकत नाही. क्लिफर्ड अ‍ॅशली यांच्या १९४४ सालच्या गाठींच्या प्रचंड कोशात तिच्या कुळातल्या गाठी आहेत. दिसायला देखणी आहे, पण जाड, ताठ दोरात ती नीट बसत नाही आणि ताण उलटसुलट झाला की कोलमडते. कोठ्यासाठी साधी सुरगाठच बरी, असं माझं मत आहे.

वर्ध्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो तो इथल्या जनावरामुळे. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतली गवळाऊ जात पांढरी, अरुंद तोंडाची, चपळ. भोसल्यांच्या काळात फौजेचं सामान झपाट्यानं नेण्यासाठी ती नावाजली होती, आणि नंद गवळी समाजानं ती जपली. ही गुरं सावध आणि तल्लख. आवाजाला पटकन बिचकतात. पोळ्याच्या दिवशी नवी वेसण, नवी मोरकी, नवा कासरा घालून, बेगड लावून, झुली पांघरून बैल तोरणाखाली उभे राहतात. ढोल वाजतात, फटाके फुटतात. गर्दीत नव्या कोऱ्या कडक दोराची निरगाठ घातलेला बैल उधळला तर त्याला सोडताही येत नाही आणि आवरताही येत नाही. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, बैल जुंपण्याआधी आणि सोडल्यानंतर बांधून ठेवतात तिथेही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ मे २०२३ च्या निकालानंतर महाराष्ट्रातल्या शर्यती कायद्याच्या चौकटीत सुरू आहेत. त्या चौकटीत पळण्याबद्दल पुष्कळ अटी आहेत, पण बांधण्याकडेही आयोजकांनी तितकंच लक्ष द्यावं.

कायदा बांधण्याबद्दल गप्प नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमात अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनं वा दोरानं जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा मानला आहे. लांबीचा विचार म्हणजे गाठीच्या विचाराचा दुसरा अर्धा भाग. दावं एवढं हवं की जनावराला बसता येईल, मान टेकता येईल, पाण्यापर्यंत पोचता येईल; पण पुढचा पाय दाव्यावरून पलीकडे जाईल एवढं नको. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या गावांत आणखी एक गोष्ट धरावी लागते. शिवारात रात्री बांधून ठेवलेलं जनावर पळू शकत नाही, आणि वाघ-बिबट्याला ते कळतं. तिथे गाठीपेक्षा बंदिस्त कोठा महत्त्वाचा.

पाण्याचं संकटही आहे. जुलै २०२२ मध्ये वणा आणि वर्धा या नद्यांना आलेल्या पुरानं हिंगणघाटकडच्या वस्त्यांत पाणी शिरलं. पूर आणि वादळ आलं की जनावरं मोकळी करा, ही सूचना सरकारी यंत्रणा देते, आणि ती योग्य आहे; मोकळं ढोर पोहतं, उंचवटा गाठतं. पण सूचना पाळायला किती सेकंद लागतात हे गाठ ठरवते. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढावी लागली. असा प्रसंग आला की घरातला एक माणूस कोठ्याकडे धावतोच. त्याला किती वेळ तिथे थांबावं लागतं, यावर त्याचाही जीव अवलंबून असतो. नैसर्गिक आपत्तीत जनावर गेलं तर केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार दुभत्या गायी-म्हशीसाठी ३७,५०० रुपये, बैलासाठी ३२,००० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये मदत ठरवली गेली. पंचनामा, अर्ज, वाट पाहणं हे सगळं त्याच्याबरोबर येतं. चांगली बैलजोडी आज या रकमेत येत नाही.

हा जिल्हा गायीच्या विचारासाठी देशभर ओळखला जातो. १९४१ साली इथे गोसेवा संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत गोपुरीच्या झोपडीत राहून हेच काम करत होते आणि ११ फेब्रुवारी १९४२ ला गेले. चारा, जात, दूध, तूप, कातडं या सगळ्याचा विचार वर्ध्यानं तपशिलात जाऊन केला. दावं त्याच विचाराच्या कक्षेतलं आहे.

शिकवण्याची सोय नव्यानं उभारायची गरज नाही. १९५८ मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनावर आवरण्याचे दोर आणि त्यांच्या गाठी शिकवतात. बैलाला औषधोपचारासाठी पाडण्याच्या पद्धतीत गळ्याला न सरकणारा फेरा घालतात आणि छाती-पोटाभोवतीचे विळखे झटकन मोकळे होतील असे घेतात. स्काउटच्या शिबिरात मुलं बोलाइन शिकतात. पण मुलगा शिबिरात ती गाठ काठीला बांधतो आणि घरी येऊन वासराच्या गळ्यात फास घालतो, कारण काठीवरची तीच गाठ गळ्यालाही हवी हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

ते दाखवण्याची एक जागा मला अगदी सोयीची वाटते. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी टोचायला जनावरं खोड्याजवळ, आखरावर आणतात. गावातलं बहुतेक पशुधन त्या सकाळी एका जागी, दोराला बांधलेलं उभं असतं, आणि धनी शेजारी असतो. लस टोचणाऱ्यानं पुढच्या जनावराकडे जाण्याआधी धन्याला एवढंच म्हणावं, ‘दादा, ढोर ओढून धरा आणि एका हातानं सोडून दाखवा.’ ज्याला जमलं नाही त्याला तिथल्या तिथे गाठ घालून द्यावी आणि त्याच्याकडून दोनदा घालून घ्यावी. गळ्यात फास असेल तर तो आधी काढावा, आणि साखळी असेल तर खुंट्याकडे जोडायला दोन हात दोर जवळ ठेवावा.